बारा जण, सहा जोड्या

१९ ऑक्टोबर २००१ च्या रात्री उत्तर अफगाणिस्तानातील दर्रा-ए-सूफ या डोंगराळ खोऱ्यात अमेरिकी लष्कराचे बारा जणांचे एक पथक हेलिकॉप्टरने उतरले. तिथे त्यांना गाठायचे होते अब्दुल रशीद दोस्तुम या तालिबानविरोधी सेनापतीला. त्या मुलखात गाडीरस्ते जवळजवळ नव्हतेच. दोस्तुम यांचे सैन्य घोड्यांवर होते, म्हणून पाहुण्यांनाही घोडेच मिळाले. पथकाचा कॅप्टन मार्क नच हा कॅन्ससमध्ये गुरांच्या मोठ्या शेतावर वाढलेला, त्यामुळे त्याला घोडा नवा नव्हता. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी मात्र खोगिरावर बसून घोडा कसा वळवायचा हे तिथेच शिकून घेतले. तीन आठवड्यांनी, १० नोव्हेंबरला, मझार-ए-शरीफ हे शहर तालिबानच्या हातून गेले.

बारा जणांनी शहर जिंकले, असे अर्थातच नाही. जमिनीवर लढले ते हजारो अफगाण, आणि वरून पडले ते विमानांतले बाँब. मग या बारा जणांनी केले काय? आणि ते बाराच का, आठ किंवा वीस का नव्हते? मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे, सैनिक नव्हे. तरीही हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचे उत्तर बरेचसे अकरावी-बारावीच्या गणितात आणि थोडेसे पदार्थविज्ञानात व शरीरशास्त्रात सापडते. आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात कमांडोचे जे चित्र असते ते पडद्यावरून आलेले असते. त्यात एकच नायक सर्व काही करतो: गोळ्या चालवतो, पूल उडवतो, मित्राच्या जखमेला पट्टी बांधतो आणि वेळ पडल्यास विमानही चालवतो. खऱ्या पथकाची रचना करणाऱ्यांनी मात्र अशा नायकावर अजिबात भरवसा ठेवलेला नाही. कोणता माणूस केव्हा निकामी होईल हे सांगता येत नाही, असे गृहीत धरूनच सगळी मांडणी केलेली आहे.

बारा कोण असतात?

अमेरिकी लष्करातील ‘स्पेशल फोर्सेस’ म्हणजे हिरव्या टोपीचे सैनिक. त्यांच्या मूळ पथकाला ‘ऑपरेशनल डिटॅचमेंट अल्फा’ म्हणतात, बोलण्यात ‘ए-टीम’. दर्रा-ए-सूफमध्ये उतरले ते ५९५ क्रमांकाचे पथक. पथकप्रमुख कॅप्टन असतो आणि त्याचा साहाय्यक वॉरंट ऑफिसर. कॅप्टन साधारणपणे दोन-एक वर्षांत बदलून जातो, वॉरंट ऑफिसर मात्र वर्षानुवर्षे त्याच कामात राहतो. त्यानंतर येतो पथकाचा ज्येष्ठ सार्जंट. हुद्द्याने तो कॅप्टनच्या खाली, पण रोजचे पथक खऱ्या अर्थाने तोच चालवतो. नव्या मुख्याध्यापकांना शाळेतले सर्वांत जुने शिक्षक जसे सांभाळून घेतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे. चौथा गुप्तवार्ता सार्जंट. शत्रू कुठे आहे, गावात कोणाचे कोणाशी वैर आहे, पाणी कुठे मिळते, ही सगळी माहिती गोळा करून तिची संगती लावणे हे त्याचे काम.

उरलेले आठ जण म्हणजे चार विषयांचे प्रत्येकी दोन तज्ज्ञ: शस्त्रांचे दोन, इंजिनिअरिंगचे दोन, वैद्यकाचे दोन आणि संदेशवहनाचे दोन.

शस्त्रतज्ज्ञाचे काम केवळ नेम धरण्याचे नसते. जगात वापरात असलेल्या नाना देशांच्या, नाना काळांतल्या बंदुका आणि तोफा त्याला उघडून, साफ करून, पुन्हा जुळवता आल्या पाहिजेत, कारण स्थानिक लोकांच्या हातात काय असेल हे आधी ठाऊक नसते. इंजिनिअर सार्जंट स्फोटके हाताळतो, आणि बांधकामही करतो. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण विषय एकच आहे. पुलाचा भार कोणत्या सांध्यावर येतो हे ज्याला कळते, तोच तो पूल कमीत कमी स्फोटकांत पाडू शकतो आणि मोडलेला पूल पुन्हा उभाही करू शकतो.

या पथकाचे मुख्य काम स्वतः लढणे हे नसून दुसऱ्यांना लढायला शिकवणे हे आहे. बारा जणांनी सुमारे पाचशे लोकांची बटालियन उभी करावी, तिला शिकवावे आणि तिच्याबरोबर राहावे, अशी मूळ कल्पना. म्हणून या बारा जणांची यादी एखाद्या छोट्या शाळेच्या शिक्षकवृंदासारखी दिसते. १९६१ च्या अखेरीस व्हिएतनामच्या मध्य पठारावरील बुओन एनाओ या गावी राडे जमातीबरोबर असे काम सुरू झाले, तेव्हा पुढे होता तो वैद्यकीय सार्जंट. बंदुका नंतर आल्या.

चार विषयांपैकी दोन विषय विज्ञानशिक्षकांना अधिक जवळचे आहेत, म्हणून त्यांवर थोडे थांबू.

रक्त आणि मिनिटे

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक गेले की प्राण धोक्यात येतो. मांडीतली मुख्य रोहिणी तुटली तर ही मर्यादा काही मिनिटांत ओलांडली जाते. रक्ताचा दाब कमी झाला की हृदय अधिक वेगाने धडधडू लागते, आणि त्यामुळे उघड्या रोहिणीतून रक्त जायचे थांबत नाही. शरीराची भरपाई करण्याची यंत्रणा इथे अपुरी पडते. उपाय मात्र अगदी साधा आहे. जखमेच्या वरच्या बाजूला आवळपट्टी बांधायची आणि रक्त थांबेपर्यंत पिळायची.

आवळपट्टी फार जुनी आहे, पण विसाव्या शतकात तिच्याकडे बराच काळ संशयाने पाहिले गेले. ती जास्त वेळ राहिली तर हातपाय गमवावा लागेल, ही भीती होती. इस्पितळ दहा मिनिटांवर असेल तेव्हा ही भीती योग्य ठरेल, पण गोळीबार चालू असताना प्रश्न वेगळा असतो. १९९६ मध्ये फ्रँक बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विशेष दलांसाठी रणांगणावरील उपचारांची नवी पद्धत मांडली. तिच्यात क्रमच बदलला होता. गोळीबार चालू असताना पहिला ‘उपचार’ म्हणजे शत्रूचा मारा थांबवणे. त्या अवस्थेत जखमीसाठी करायचे ते एकच, आवळपट्टी. बाकीचे सारे आडोसा मिळाल्यावर. शहरातला डॉक्टर हे वाचून दचकेल, पण जखमीकडे धावलेला वैद्यच पडला तर जखमी दोन होतात आणि वैद्य शून्य.

ही पद्धत किती महत्त्वाची होती हे नंतरच्या आकड्यांवरून कळते. २००१ ते २०११ या काळात इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत रणांगणावर झालेल्या ४,५९६ अमेरिकी मृत्यूंचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ८७ टक्के मृत्यू इस्पितळात पोहोचण्यापूर्वीच झाले होते. या इस्पितळापूर्वीच्या मृत्यूंपैकी सुमारे २४ टक्के तत्त्वतः टाळता येण्याजोगे होते, आणि या टाळता येण्याजोग्या मृत्यूंत सुमारे ९१ टक्क्यांचे कारण रक्तस्राव हे होते. म्हणजे निम्मी-अधिक लढाई शस्त्रक्रियागृहात नव्हे, पहिल्या काही मिनिटांत हरली जात होती.

पथकातील वैद्यकीय सार्जंट हा डॉक्टर नसतो. पण दीर्घ प्रशिक्षणानंतर तो श्वासमार्ग मोकळा करणे, रक्त थांबवणे, जखमीला बराच वेळ जिवंत ठेवणे ही कामे करू शकतो. त्याला दातांचे आणि जनावरांच्या आजारांचेही थोडे शिकवतात. मेंढपाळांच्या गावात मेंढी बरी करणाऱ्याला जो मान मिळतो तो बंदुकीमुळे मिळत नाही.

डोंगराआडचा आवाज

संदेशवहन सार्जंटाची अडचण भूगोलाची असते. अतिउच्च वारंवारतेच्या रेडिओलहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ जातात, डोंगर आला की थांबतात. आज उपग्रहामार्फत बोलता येते आणि २००१ मध्येही येत होते, पण उपग्रहाची सोय नेहमी मिळेलच असे नाही. म्हणून जुनी विद्या अजूनही शिकवली जाते. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लघुलहरी वातावरणाच्या वरच्या आयनांबरावरून परततात. जमिनीपासून फार उंच नाही अशी आडवी तार बांधली तर लहरी जवळजवळ उभ्या वर जातात आणि परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात पसरतात. मध्ये डोंगर असला तरी बिघडत नाही, कारण लहर डोंगरावरून ‘उडी’ मारून आलेली असते.

तार किती लांब हवी? प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. ५ मेगाहर्ट्झसाठी ती ६० मीटर होते. तारेची लांबी तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे ३० मीटर लागते. हे गणित पथकातल्या माणसाला अंधारात, थंडीत, कागदाशिवाय करता आले पाहिजे. शिवाय रात्री सूर्यप्रकाश नसल्याने आयनांबराची घनता उतरते, म्हणून रात्री वारंवारता कमी घ्यावी लागते. रात्री रेडिओवर मध्यम लहरींची दूरदूरची केंद्रे ऐकू येतात, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. त्यामागेही आयनांबरातला दिवस-रात्रीचा हाच फरक आहे. दिवसा लहरी शोषून घेणारा त्याचा खालचा थर रात्री विरतो.

चिठ्ठ्यांचा खेळ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक विषयाचे दोन तज्ज्ञ का?

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, फ्रान्समध्ये ‘जेडबर्ग’ नावाची पथके हवाई छत्रीने उतरवली गेली. प्रत्येकात तीनच माणसे असत, आणि रेडिओ चालवणारा एकच. उतरताना त्याला इजा झाली किंवा रेडिओसंच आपटून फुटला की पथक मुके झाले. असे प्रसंग घडलेही. जेडबर्गपैकीच एक, एरन बँक, हे १९५२ मध्ये फोर्ट ब्रॅग येथे स्थापन झालेल्या पहिल्या स्पेशल फोर्सेस गटाचे प्रमुख झाले. नव्या पथकांत कौशल्ये जोडीने ठेवण्यामागे हा अनुभव असावा, असे मला वाटते. १९४१ मध्ये डेव्हिड स्टर्लिंग यांनी उत्तर आफ्रिकेत सुरू केलेल्या ब्रिटिश ‘एसएएस’ने दुसरी वाट धरली: चौघांची टोळी, प्रत्येकाचा एक खास विषय, आणि इतरांच्या विषयांची पुरेशी तोंडओळख. आपल्याकडे १९६६ मध्ये ९ पॅरा ही कमांडो बटालियन उभी राहिली, १९८४ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल आणि १९८७ मध्ये नौदलाचे मरीन कमांडो दल. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत ताज हॉटेलात आधी हे मरीन कमांडो आणि मागाहून सुरक्षा रक्षक दलाचे जवान शिरले. जवानांच्या बोलण्यात ‘बडी’ हा शब्द सतत येतो. बडी म्हणजे आपला जोडीदार, ज्याच्या पाठीवर आपली नजर आणि आपल्या पाठीवर ज्याची नजर.

जोडीचा फायदा किती, हे मोजता येते. वर्गात करून पाहण्यासारखा हा प्रयोग आहे. सहा रंगांच्या प्रत्येकी दोन, अशा बारा चिठ्ठ्या करा. चार रंग म्हणजे चार विषय. पाचवा रंग कॅप्टन आणि वॉरंट ऑफिसर यांचा. सहावा ज्येष्ठ सार्जंट आणि गुप्तवार्ता सार्जंट यांचा. या शेवटच्या जोडीत मी थोडी सूट घेतली आहे, कारण त्या दोघांची कामे अगदी एक नाहीत, पण नियोजनात ते एकमेकांची जागा घेऊ शकतात. आता डोळे मिटून काही चिठ्ठ्या बाहेर काढा. ही माणसे जखमी झाली असे समजा. काढलेल्या चिठ्ठ्यांत एकाच रंगाच्या दोन्ही आल्या, तर पथकाने ते कौशल्य पूर्णपणे गमावले.

एक चिठ्ठी काढली तर काहीच गमावत नाही. दोन काढल्या तर? बारांतून दोन निवडण्याचे प्रकार ६६, त्यांपैकी एकाच रंगाचे ६. म्हणजे संभाव्यता अकरात एक, सुमारे ९ टक्के. तीन काढल्या तर २२० पैकी ६० प्रकार, म्हणजे २७ टक्के. आणि चार काढल्या तर? एकूण प्रकार ४९५. चारही रंग वेगळे असण्याचे प्रकार: सहा रंगांतून चार रंग १५ रीतींनी, प्रत्येक रंगाच्या दोनांतून एक, म्हणून १५ गुणिले १६, म्हणजे २४०. उरले २५५. संभाव्यता साडेएक्कावन्न टक्के. चाळीस विद्यार्थ्यांनी हा खेळ केला तर वीस-एकवीस जणांच्या हाती जुळी चिठ्ठी यावी.

हाच खेळ सहा रंगांच्या सहाच चिठ्ठ्या घेऊन केला तर पहिल्याच चिठ्ठीला एक कौशल्य जाते. बारांच्या पथकाला एक माणूस गमावणे निर्धास्तपणे सोसते, दोनही बहुधा सोसतात, चारांवर मात्र छापा-काटा होतो. मग प्रत्येक विषयाचे तीन तज्ज्ञ का घेत नाहीत? कारण अठरा माणसे लपवणे, त्यांना अन्न-पाणी पुरवणे, हेलिकॉप्टरमध्ये बसवणे अवघड असते. शिवाय माणसामाणसांतले संबंधही वाढतात. बारा जणांत जोड्या होतात ६६, अठरांत १५३. अठरा जणांच्या समितीच्या बैठकीला जे बसले असतील त्यांना याचे स्पष्टीकरण लागणार नाही.

जोडीचा आणखी एक उपयोग असा की पथक मधोमध कापता येते. कॅप्टन एका अर्ध्याबरोबर आणि वॉरंट ऑफिसर दुसऱ्याबरोबर गेला, तर सहा-सहा जणांची दोन पथके तयार होतात आणि दोन्हींत प्रत्येक विषयाचा एक तज्ज्ञ असतो.

तिघांचे गट

५९५ पथकाला एवढ्यावर थांबता आले नाही. दोस्तुम यांचे लोक डोंगरांत दूरवर विखुरलेले होते आणि विमानांना लक्ष्ये दाखवायला माणूस अनेक ठिकाणी हवा होता. म्हणून पथक आणखी फुटले, तीन-तीन जणांच्या चार गटांत. इथे जोडीचे गणित संपते. दोन वैद्य चार गटांना पुरत नाहीत. कोणत्याही विषयाचे पाहिले तरी निदान दोन गटांत त्याचा तज्ज्ञ नसणारच.

ही उणीव भरून काढते ते परस्परशिक्षण. शस्त्रतज्ज्ञाला आवळपट्टी बांधता येते, वैद्याला रेडिओ लावता येतो, इंजिनिअरला विमानाशी बोलता येते. प्रत्येकाला सगळे येते असे नाही, पण दुसऱ्याच्या विषयातले तातडीचे तेवढे प्रत्येकाला येते. यात नेमके किती शिकवायचे हा प्रश्न खरा अवघड आहे. सर्वांना सर्व शिकवू गेले तर कोणीच कशातही निष्णात होत नाही.

या बाबतीत पुरावा मिळतो तो दुसऱ्या एका दलाकडून. अमेरिकेची ७५वी रेंजर रेजिमेंट ही हल्ला करणारी पायदळाची खास रेजिमेंट आहे, शिकवणाऱ्या पथकांची नव्हे. ऑक्टोबर १९९३ मध्ये सोमालियाची राजधानी मोगादिशू येथे १८ अमेरिकी सैनिक मारले गेले, त्यांत याच रेजिमेंटचे काही होते. त्यांच्यातल्या एका तरुणाची मांडीची रोहिणी जांघेजवळ तुटली होती. इतक्या वर आवळपट्टी बसत नाही. वैद्य शेजारी असूनही आणि सोबत्यांनी हातांनी दाबून धरूनही तो काही तासांनी गेला, कारण बाहेर नेण्याची वाट बंद होती. त्यानंतरच्या काही वर्षांत रेजिमेंटने ठरवले की नेमबाजी जितकी महत्त्वाची तितकाच प्रथमोपचार, आणि तो वैद्यानेच नव्हे तर प्रत्येक सैनिकाने, अधिकाऱ्यांसकट, शिकायचा. २०११ मध्ये या रेजिमेंटच्या साडेआठ वर्षांच्या युद्धातील ४१९ जखमी-मृतांचा हिशेब प्रसिद्ध झाला. मृत्यू ३२ होते. रणांगणावर आणखी काही उपचार मिळाले असते तर वाचला असता, असा त्यांत एकही नव्हता. वर दिलेल्या २४ टक्क्यांशेजारी हा शून्य ठेवून पाहावा. दोन अभ्यासांच्या पद्धती सर्वस्वी सारख्या नाहीत हे मान्य करूनही फरक डोळ्यांत भरतो. हा फरक अधिक हुशार वैद्य आणून पडलेला नाही, वैद्याचे छोटेसे ज्ञान सर्वांत वाटून पडला आहे.

एक घरचा अनुभव सांगतो. पूर्वी मी ज्या प्रयोगशाळेत होतो तिथे एक महागडे उपकरण एकाच तंत्रज्ञाला चालवता येत असे. तो आजारी पडला आणि आमचे सहा आठवडे वाया गेले. उपकरण ठणठणीत होते.

एकाच वेळी दोघे

चिठ्ठ्यांच्या खेळात एक गृहीत दडलेले आहे: कोणती माणसे जखमी होतील ते निव्वळ योगायोगाने ठरते आणि एकाच्या जखमेचा दुसऱ्याशी संबंध नसतो. विद्यार्थी स्वतंत्र घटनांच्या संभाव्यतांचा गुणाकार करतात तेव्हा हेच गृहीत धरतात. प्रत्यक्षात ते पुष्कळदा खोटे ठरते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण माणसांचे नसून यंत्रांचे आहे. तेहरानमधील अमेरिकी ओलिसांना सोडवण्यासाठी २४ एप्रिल १९८० रोजी ‘निमिट्झ’ या विमानवाहू नौकेवरून आठ हेलिकॉप्टरे उडाली. मोहिमेला किमान सहा हवी होती. इराणच्या वाळवंटात ठरलेल्या जागी पोहोचल्यावर चालू स्थितीत उरली पाच. एकाच्या पात्याला तडा गेल्याची सूचना आली म्हणून ते वाटेतच सोडावे लागले, एक धुळीमुळे माघारी फिरले आणि तिसऱ्याची द्रवदाब यंत्रणा बिघडली. मोहीम रद्द झाली. परतण्याच्या तयारीत असताना एक हेलिकॉप्टर उभ्या विमानावर आदळले आणि आठ जण मरण पावले.

एक हेलिकॉप्टर टिकण्याची संभाव्यता ८० टक्के धरली (हा आकडा माझा, केवळ उदाहरणासाठी), तर आठांपैकी निदान सहा टिकण्याची संभाव्यता सुमारे ८० टक्केच येते. दहा नेली तर ती जवळजवळ ९७ टक्के आणि बारा नेली तर ९९ टक्क्यांहून अधिक. नंतर नेमलेल्या चौकशी समितीनेही दहा ते बारा हेलिकॉप्टरे न्यायला हवी होती, असेच मत दिले. पण गणिताची मर्यादाही इथेच दिसते. वाळवंटातल्या हवेत तरंगणारी बारीक धूळ सर्व हेलिकॉप्टरांना एकाच वेळी भिडली होती. बारा असती तरी तीच धूळ बारांनाही भिडली असती. विमाने एका दलाची, वैमानिक दुसऱ्याचे, हल्ला करणारे तिसऱ्याचे, आणि सर्वांचा एकत्र सराव फारसा झालेला नव्हता. या फजितीतून पुढे अमेरिकेत सर्व विशेष दलांना एका छत्राखाली आणणारे स्वतंत्र कमांड १९८७ मध्ये स्थापन झाले.

पुन्हा २००१ च्या अफगाणिस्तानात जाऊ, पण आता दक्षिणेकडे. तिथे ५७४ क्रमांकाचे पथक हमीद करझाई यांच्याबरोबर कंदाहारच्या दिशेने सरकत होते. विमानांना लक्ष्य दाखवण्यासाठी अशा पथकांबरोबर हवाई दलाचा एक नियंत्रक असे, म्हणजे बारांच्या यादीबाहेरचा तज्ज्ञ. लक्ष्य दाखवण्याच्या दोन रीती होत्या. एकीत जमिनीवरचा माणूस लक्ष्यावर लेझरचा झोत धरतो, आणि बाँब परावर्तित झोताच्या दिशेने जातो. धूळ-धुके असेल तर ही रीत लंगडी पडते, पण बाँब जातो तो झोत पडलेल्या वस्तूकडेच. दुसऱ्या रीतीत लक्ष्याचे अक्षांश-रेखांश आकड्यांत सांगतात आणि बाँब उपग्रहांच्या मदतीने त्या आकड्यांवर पडतो. धुक्याची अडचण नाही, पण आकडे कशाचे आहेत हे बाँबला कळत नाही.

५ डिसेंबर २००१ च्या सकाळी शाह वली कोट परिसरात बी-५२ विमानाने टाकलेला सुमारे ९०० किलोचा असा बाँब शत्रूवर न पडता पथकाच्या स्वतःच्या ठाण्यावर पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे अनेक अफगाण ठार झाले. पथकातले जवळजवळ सगळे एकाच क्षणी जखमी झाले. जोड्या, अर्धी पथके, परस्परशिक्षण, सारे एकाच कारणाने एकदम कोलमडले, कारण सगळे एकाच टेकडीवर होते. करझाई थोडक्यात बचावले. त्याच दिवशी जर्मनीत बॉन येथे अफगाणिस्तानच्या हंगामी सरकारचे प्रमुख म्हणून त्यांची निवड झाली होती. (ज्या राजवटीची ही सुरुवात होती ती ऑगस्ट २०२१ मध्ये कोसळली आणि काबूल पुन्हा तालिबानकडे गेले. पथकाची रचना कितीही विचारपूर्वक केलेली असो, युद्ध कशासाठी आणि कुठवर, हा हिशेब त्या बारा जणांच्या यादीत बसत नाही.)

हे घडले कसे? मार्च २००२ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रात आलेल्या माहितीनुसार नियंत्रकाने शत्रूच्या ठिकाणाचे आकडे उपग्रहस्थाननिश्चितीच्या संचावर काढले होते. तेवढ्यात संचाची बॅटरी संपली म्हणून त्याने ती बदलली. बॅटरी बदलल्यावर तो संच आपोआप स्वतःच्या जागेचे आकडे दाखवू लागत असे. हे त्या माणसाच्या लक्षात आले नाही, आणि पडद्यावर दिसणारे आकडे त्याने विमानाला कळवले. दोन्ही आकड्यांचे रूप सारखेच असते. त्यांतले कोणते शत्रूचे आणि कोणते आपले, हे आकड्यांकडे पाहून विमानातल्या कोणालाही ओळखता येण्याजोगे नव्हते.